वरचा लिंब, खालचा लिंब

आमच्याकडे लिंब म्हणजे झाड. दारापुढचं, सावलीचं, पाडव्याला ज्याचा पाला चावून तोंड वाकडं करायचं ते. त्यामुळे शिरपूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवणाऱ्या माझ्या मित्राने फोनवर "धनुष्याच्या लिंबाला मराठीत काय म्हणू?" असं विचारलं, तेव्हा मला वाटलं तो लिंबाच्या लाकडाच्या धनुष्याबद्दल बोलतोय. पण तो इंग्रजी 'लिंब' होता. म्हणजे हात किंवा पाय, किंवा झाडाची मोठी फांदी, आणि धनुष्याच्या बाबतीत मुठीपासून टोकापर्यंतचा जो भाग वाकतो तो. अपर लिंब, लोअर लिंब. पोरं वरचा लिंब, खालचा लिंब म्हणतात आणि हसतात.

ठिबकची, पंपांची, फवारणी यंत्रांची माहितीपत्रकं मराठीत करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे असले फोन मला येतात. पण या फोनमागे एक मुलगा होता, म्हणून हे लिहितोय.

आठवीतला पावरा मुलगा. निवड शिबिराला गेला होता, इंडियन राउंडसाठी. (आपल्याकडच्या तिरंदाजी स्पर्धांत रिकर्व्ह आणि कंपाउंड या महागड्या धनुष्यांच्या जोडीला बांबूच्या साध्या धनुष्याचा एक गट असतो, तो इंडियन राउंड.) बाण चांगले मारले त्याने. मग तोंडी प्रश्न. लोअर लिंब दाखव. रिफ्लेक्स आणि रिकर्व्ह यात फरक काय? मुलगा गप्प. कागदावर शेरा पडला: 'साहित्याची माहिती नाही'. आणि या मुलाचे वडील कामठे करतात. तोही त्यांच्या हाताखाली बांबू तासत मोठा झालाय. साहित्याची माहिती नाही!

मित्राचं म्हणणं एवढंच होतं की पुढच्या खेपेला असं व्हायला नको, एक पान मराठीत करून दे, पाठ करून घेतो. मी म्हटलं, देतो दोन दिवसांत. त्याला आता चार महिने झाले.

त्याचं कारण सांगतो. लिंबाच्या आकारांची ही जी नावं आहेत ना, ती वाटतात तितकी सोपी नाहीत. धनुष्याची दोरी काढून ठेवा आणि बाण मारायला धरतो तसं ते हातात धरा. आता बाजूने बघा. ते सरळ असेल तर प्रश्नच नाही. दोन्ही टोकं लक्ष्याच्या बाजूला झुकली असतील तर ते रिफ्लेक्स. तुमच्याकडे झुकली असतील तर डिफ्लेक्स. आणि सगळा लिंब न झुकता फक्त शेवटची टोकं लक्ष्याकडे वळली असतील तर रिकर्व्ह. म्हणजे ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते. रिकर्व्हसाठी मराठी शब्द मला पहिल्याच दिवशी सापडला होता आणि मी अजून त्याच्यावर खूष आहे: आकडेबाज. मिशा आकडेबाज असू शकतात, तर धनुष्य का नाही? मिशीची नुसती टोकं वळतात, मिशी नाही. अगदी तेच.

रिफ्लेक्सने मात्र घोळ घातला. 'री' म्हणजे मागे, 'फ्लेक्स' म्हणजे वाकणं, मागे वाकलेलं. पण कोणाच्या मागे? टोकं तर मारणाऱ्याच्या पुढे, लक्ष्याकडे गेलेली असतात! याची किल्ली अशी की इंग्रजीत धनुष्याला पाठ आणि पोट आहे. मारणाऱ्याकडची बाजू पोट, लक्ष्याकडची बाजू पाठ. धनुष्य तुमच्याकडे तोंड करून, शत्रूकडे पाठ करून उभं असतं. (शूराचं हत्यार, पण उभं राहतं ते पाठ दाखवून.) त्यामुळे त्याच्या दृष्टीने मागे ते आपल्या दृष्टीने पुढे. हे शब्दशः मराठी केलं असतं तर पोरांनी परीक्षेत हमखास उलटं लिहिलं असतं. म्हणून 'पुढे', 'मागे' हे शब्द मी पानातून हद्दपार केले आणि 'पाठीकडे झुकलेला', 'पोटाकडे झुकलेला' असं केलं. पाठ आणि पोट मराठीला नवीन नाहीत. बांबूलासुद्धा हिरव्या सालीची पाठ असते आणि आतल्या मऊ गराचं पोट असतं.

आता या आकारांनी फरक काय पडतो तेही सांगायला हवं, नाहीतर नुसती नावं पाठ करून काय उपयोग? पाठीकडे झुकलेल्या धनुष्याला दोरी चढवतानाच ते बरंच वाकलेलं असतं, म्हणजे ताण आधीच भरलेला. त्यामुळे बाण जोरात जातो, पण लाकडाचा जीव मेटाकुटीला येतो. पोटाकडे झुकलेलं धनुष्य सौम्य असतं, टिकतं, पण बाण मवाळ. आकडेबाजाची गंमत वेगळी. दोरी चढवली की ती वळलेल्या टोकांवर टेकून बसते, म्हणजे धनुष्य जणू आखूड होतं. ओढत गेलात की दोरी टोकांवरून सुटते आणि धनुष्य लांब होतं, तरफ वाढते. त्यामुळे शेवटच्या वितीला जे एकदम जड लागतं ते तितकं लागत नाही.

मराठीत नाही तर संस्कृतात असेल, ही आपली नेहमीची धाव. मीही धावलो. अमरकोशात धनुष्याच्या टोकाला कोटी आणि अटनी, मधल्या भागाला लस्तक. दोरीला मौर्वी, ज्या, शिंजिनी, गुण. मुठीपासून टोकापर्यंतच्या भागाचं नाव मात्र त्या यादीत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, आयुधागाराच्या अध्यक्षाचं प्रकरण आहे. तिथे धनुष्यं चार प्रकारची: ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची. पुढे नावं येतात कार्मुक, कोदंड, द्रूण आणि धनुष्य. क्रमाने जोड्या लावल्या तर बांबूचं ते कोदंड. म्हणजे रामाच्या हातातलं नाव आमच्या सातपुड्यातल्या कामठ्याचं! दोरी कशाची असावी त्याच्याही यादीत मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्यासोबत बांबू आहे. भिल्ल-पावरांच्या कामठ्याला दोरी सुताची नसते, बांबूच्याच चिरफळीची असते. परगावचे लोक ती बघून चकित होतात. चाणक्य झाला नसता.

पण ही सगळी विभागणी मालावरून आहे, आकारावरून नाही. आकाराचा शब्द मिळाला तो वसिष्ठांच्या नावावर चालणाऱ्या धनुर्वेदाच्या परंपरेत. शिंगाचं धनुष्य त्रिणत, म्हणजे तीन ठिकाणी वाकलेलं. बांबूचं सर्वनामित, म्हणजे सगळीकडून वाकणारं. सर्वनामित! (व्याकरणातल्या सर्वनामाशी संबंध नाही, पण पोरांना लक्षात ठेवायला बरं.) दोन शब्दांत काम झालं. शिंगाच्या धनुष्याची मूठ ताठ आणि टोकं ताठ. ते ठरलेल्या जागी वाकतं. बांबूचं धनुष्य मुठीसकट, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकतं. आजचे धनुष्य करणारे इंग्रजीत 'मुठीतून वाकणारं' असं लांबलचक सांगतात, तेच हे.

त्याच परंपरेत बांबूच्या धनुष्याला किती पेरं असावीत तेही आहे. तीन, पाच, सात, नऊ चालतील. चार, सहा, आठ नकोत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा शकुनाचा प्रकार वाटला आणि मी पुढे गेलो. यावर नंतर येतो.

शिंगाची धनुष्यं मोगली फौजांबरोबर आपल्याकडे खूप फिरली. कब्जा म्हणजे मूठ हा शब्द त्याच दुनियेतला. अरबीत तर लिंबाला बैत म्हणतात, म्हणजे घर. वरचं घर, खालचं घर. एकाला जिथे हात दिसला तिथे दुसऱ्याला घर दिसलं. ही मंडळी दोरी अंगठ्याने ओढत, अंगठ्यात खास अंगठी घालून. आपल्याकडे भिल्ल अंगठा लावत नाहीत ते एकलव्यामुळे, असं हमखास सांगतात. सांगायला छान आहे. पण ऑलिम्पिकचे रिकर्व्हवालेही दोरीला अंगठा लावत नाहीत, आणि त्यांच्याकडे कोणी द्रोणाचार्य फिरकले नव्हते. असो.

लिंबाला शब्द मिळाला तो शेवटी धुळ्याला, हायवेवर. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकच्या गॅरेजांना तोटा नाही. एका गॅरेजात माझी गाडी टायरसाठी थांबली होती. शेजारी एका ट्रकचे पाटे उतरवून ठेवले होते. कमानपाटे. कमान म्हणजे फारसीत धनुष्यच! एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. सर्वांत लांब मेन पाटा, खाली त्याहून आखूड, त्याखाली आणखी आखूड. मिस्त्री ड्रायव्हरला सांगत होते, "पाटे बसलेत, कमान द्यावी लागेल."

बसलेत. मी टायर विसरलो. कारण धनुष्यवाल्यांच्या इंग्रजीत हाच शब्द आहे. वापरून वापरून, किंवा रात्रभर दोरी चढवून ठेवल्यामुळे, धनुष्य पोटाकडे वाकतं आणि दोरी काढली तरी पूर्ण सरळ होत नाही. त्याला ते 'सेट' म्हणतात. धनुष्य बसलं. गादी बसते, स्प्रिंग बसते, आवाजही बसतो. हा शब्द आपल्याकडे होता, फक्त तो ट्रकखाली राहत होता.

मिस्त्रींना विचारलं, खालचे पाटे आखूड का? त्यांनी माझ्याकडे जरा दयेने बघितलं. "मधे जोर जास्त येतो साहेब. कडेला कशाला लोखंड घालायचं?" अभियांत्रिकीच्या पुस्तकात याच्यावर एक आकृती असते. हे पाटे उभे चिरून शेजारी शेजारी मांडले तर मधे रुंद आणि दोन्हीकडे निमुळती होत गेलेली एकच पट्टी मिळते, आणि ती वाकवली की सगळीकडे सारखी वाकते. धनुष्य करणारे ज्याला पिरॅमिड लिंब म्हणतात तो हाच. जाडी सारखी, रुंदी मुठीपासून टोकाकडे कमी कमी होणारी. उलट रुंदी तीच ठेवून जाडी कमी करत नेली की वाक टोकांकडे जास्त येतो. तर लिंबाला मी पाटा लिहिलं. वरचा पाटा, खालचा पाटा. मित्र म्हणाला, पोरांना वरवंटा आठवेल. आठवू दे, लिंबापेक्षा बरं.

एवढं सगळं हाताशी आल्यावर मी त्या मुलाच्या वडिलांना भेटायला गेलो. ते दुसरीकडे कुठे नावं सांगतात का, ते बघायचं होतं. हा सातपुड्याच्या पायथ्याचा भाग. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा इथल्या गावांत ढोल घुमतात आणि खांद्यावर तीरकामठे दिसतात. एरवी कामठा भिंतीला टांगलेला असतो. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर बंदच. त्याआधीही कामठ्याने बरंच पाहिलंय. १८२५ साली धरणगावला आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली आणि याच मुलखातल्या हातांत सरकारी बंदूक दिली. तरी कामठा राहिला.

वडील माझ्याशी मराठीत बोलत होते, मुलाशी पावरीत. मी दादा म्हणत होतो, ते मला सर. मी माझं पान काढलं आणि एकेक विचारायला लागलो. या भागाला काय म्हणता? ते म्हणाले, "कामठा." तो सगळा झाला, पण हा एवढा? त्यांनी अंगठा फिरवला पाट्यावरून आणि म्हणाले, "हा इकडचा." आणि हा? "हा तिकडचा." आकाराची नावं विचारली. गप्प. अगदी मुलासारखे गप्प! शिबिरातल्या माणसाने यांनाही तोच शेरा दिला असता.

मग मी पान खिशात घातलं आणि म्हटलं, दादा, तुम्ही करताना काय बघता ते सांगा. त्यानंतर ते तासभर बोलले.

बांबू भरीव लागतो, मानवेल. पोकळ नको. तोडायचा अंधाऱ्या पक्षात, म्हणजे कीड लागत नाही. फार कोवळा नको, बसतो. ('बसतो'! मी काहीही सुचवलं नव्हतं.) फार जून नको, तडकतो. उभा चिरला की आधी पेरं बघायची. एक गाठ मुठीत आली पाहिजे. मी विचारलं, का? त्यांनी मुलाच्या हातातला कामठा घेतला आणि दाखवला. गाठीपाशी बांबू कमी वाकतो, आडमुठा असतो. मधली गाठ मुठीत धरली की उरलेल्या दोन्हीकडे सारख्या वाटल्या जातात. इकडे एक, तिकडे एक. किंवा इकडे दोन, तिकडे दोन. नाहीतर एक अंग जास्त वाकतं, एक कमी, आणि बाण वर किंवा खाली जातो.

एक मुठीत, बाकीच्या समान. म्हणजे तीन, पाच, सात, नऊ! मी ज्याला शकुन समजून पान उलटलं होतं तो हिशेब होता. तो कोणी श्लोकात बांधला आणि कोणी भिंतीवर टांगला, एवढाच फरक.

मग तासणं. थोडं तासायचं, दोरी लावून थोडं वाकवायचं, लांब धरून बघायचं. कुठे ताठ राहतोय, तिथे पुन्हा तासायचं. जिथे जास्त वाकतोय तिथे विळा लावायचा नाही. ते डोळा बारीक करून बघतात तेव्हा आकार बघत नसतात, वाकणं बघतात. माझ्या पानावरचे सगळे शब्द दोरी काढून ठेवलेल्या, झोपलेल्या धनुष्याचे होते. रिफ्लेक्स, डिफ्लेक्स, रिकर्व्ह, सगळे. त्यांच्याकडे होती ती क्रियापदं: वाकतो, अडतो, बसतो, तडकतो, ओढतो, फेकतो. सरळ बांबूपासून सरळ कामठा करणाऱ्याला आकाराच्या दहा नावांची गरज पडत नाही. पण एक कामठा दुसऱ्यापेक्षा वेगळा कसा वागेल ते त्याला दोरी चढवायच्या आधी कळतं.

घरी आल्यावर ग्रिअर्सनची आठवण झाली. त्याच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात भिल्ल भाषा आणि आमची खानदेशी म्हणजे अहिराणी एकत्र आहेत. भाषा ताडून बघायला २४१ शब्दांची आणि वाक्यांची एक ठरलेली यादी होती, सगळ्या देशाला एकच. त्या यादीत उंट आहे, बदक आहे, गुलाम आहे. पाठ आहे, पोट आहे. धनुष्य नाही. ज्यांचं नावच धनुष्यावरून पडलं असं मानतात (तमिळमध्ये धनुष्य म्हणजे विल्, कन्नडमध्ये बिल्लु), त्यांच्या बोलीला बदक विचारलं गेलं. ग्रिअर्सनला दोष देत नाही. एवढ्या मोठ्या देशाला एकच यादी लावायची तर असं होणारच. पण यादी कोण करतं यावर कोण मुका ठरतं हे अवलंबून असतं, हे मला त्या मुलामुळे दिसलं.

पान आता जवळजवळ झालंय. पाटा, पाठ, पोट, मूठ, आकडेबाज, बसणे. एक चौकट 'सर्वनामित'ची, तीन-पाच-सात-नऊच्या हिशेबासकट. इंग्रजी नावं शेजारी देवनागरीत दिलीत, कारण शिबिरात तीच विचारणार. क्रियापदांना खाली वेगळी जागा दिली. तिथे मित्र म्हणाला, याचे प्रश्न येत नाहीत. मी म्हटलं, राहू दे.

'पाठीकडे झुकलेला' आणि 'पोटाकडे झुकलेला' हे फारच माहितीपत्रकी वाटतंय, हे मलाही कळतंय. मित्राने वर्गात विचारलं, तुम्ही काय म्हणाल? चित्रं काढून दाखवली. रिफ्लेक्स बघून एक मुलगी म्हणाली, "रुसलेला." आपल्याकडे पाठ करून वळलाय म्हणून. डिफ्लेक्सला दुसऱ्या कोणी 'दमलेला' सुचवलं. वर्ग हसला, पण मित्र सांगतो की तेव्हापासून एकाही मुलाने त्या दोघांची अदलाबदल केलेली नाही.

हे शब्द पानावर छापायचे की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही. तो म्हणतो, तोंडी परीक्षेत पोराने रुसलेला म्हटलं तर समोरचा काय लिहील? मी म्हणतो, रिफ्लेक्सच्या शेजारी कंसात टाकू. शिबिर जानेवारीत आहे.